समाजमाध्यमांवरील वंशद्वेष आणि फुटबॉलपटू : मैदानाबाहेर पंच कोण?

बंगळुरू : मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, क्रिकेटपटू विराट कोहली आणि भारतीय फुटबॉल संघाचा तत्कालीन कर्णधार सुनील छेत्री यांच्या इन्स्टाग्रामवर थेट गप्पा सुरू होत्या. त्याच वेळी एका प्रेक्षकाने छेत्रीचा ‘नेपाळी’ असा हेटाळणीच्या सुरात उल्लेख करून हा कोण, अशी विचारणा केली. छेत्रीचा जन्म सिकंदराबादचा. त्याचे वडील भारतीय सैन्यात होते, तर आई नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेली. २०१३ पासून तो बंगळुरू एफसीकडून खेळत आला असून भारतासाठी सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल करणारा खेळाडूही तोच आहे. तरीही चेहरेपट्टी आणि मातृभाषा यांच्या आधारे त्याला परका ठरवण्यास एक ओळ पुरेशी ठरली.

ही शेरेबाजी फुटबॉलच्या मैदानावर झाली असती, तर पंचांना सामना थांबवता आला असता. समाजमाध्यमांवर मात्र सामना थांबवणारा कोणी नाही. जगभरातील फुटबॉल संघटना, शासनसंस्था आणि तंत्रज्ञान कंपन्या गेली काही वर्षे याच उणिवेवर उपाय शोधत आहेत. भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथे तक्रार कोणत्या कायद्याखाली नोंदवता येईल, हे बऱ्याच अंशी पीडित खेळाडू कोणत्या समाजाचा आहे यावर अवलंबून असते.

वंशद्वेष कशाला म्हणायचे?

खराब खेळावरील टीका, अगदी बोचरी टीकाही, वंशद्वेष ठरत नाही. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत छेत्रीने जादा वेळेत झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल केला. निषेध म्हणून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. या प्रकरणी त्या संघाला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. सामन्यानंतर छेत्रीवर समाजमाध्यमांतून शिवीगाळीचा भडिमार झाला. तो निंद्य होता, परंतु त्याचे मूळ एका वादग्रस्त गोलात होते. ‘नेपाळी’ या उल्लेखामागे मात्र खेळाचा काहीही संबंध नव्हता. तेथे लक्ष्य होता तो जन्म.

संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन करारात वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ या आधारे केलेल्या भेदभावाचा समावेश आहे. भारताने १९६८ मध्ये हा करार मान्य केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ नेही वंश आणि जन्मस्थान यांवर आधारित भेदभावास मनाई केली आहे. त्यामुळे कृष्णवर्णीय परदेशी खेळाडूला माकड म्हणणे आणि ईशान्य भारतातील खेळाडूला ‘चिनी’ म्हणणे, हे दोन्ही प्रकार एकाच व्याख्येत बसतात.

बंगळुरूचा अनुभव

मणिपूर, मिझोराम आणि मेघालय ही भारतीय फुटबॉलची प्रमुख भरतीकेंद्रे आहेत. बंगळुरू एफसीच्या वाटचालीतही युजीनसन लिंगडोह, उदांता सिंग, सुरेश सिंग वांगजाम, रोशन सिंग अशा ईशान्येतील खेळाडूंचा मोठा वाटा आहे. शिक्षण आणि नोकरीसाठी आलेले ईशान्य भारतीय या शहरात मोठ्या संख्येने राहतात. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून पसरणारा द्वेष किती दूरवर पोहोचतो, याचा अनुभव शहराने ऑगस्ट २०१२ मध्ये घेतला आहे. आसाममधील हिंसाचारानंतर लघुसंदेश आणि समाजमाध्यमांतून अफवा पसरल्या आणि हजारो ईशान्य भारतीयांनी बंगळुरू रेल्वे स्थानकावर धाव घेतली. गुवाहाटीकडे जादा गाड्या सोडाव्या लागल्या. केंद्र सरकारने एकाच वेळी अनेकांना लघुसंदेश पाठवण्यावर तात्पुरते निर्बंध घातले.

फुटबॉलमध्ये या शहराचे नाव दुसऱ्या बाजूनेही चर्चेत आले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी कोची येथे झालेल्या सुपर लीगच्या सलामीच्या सामन्यात बंगळुरू एफसीच्या एका खेळाडूने केरळ ब्लास्टर्सचा बचावपटू ऐबनभा डोहलिंग याच्यासमोर नाक धरण्याची कृती केली. डोहलिंग मेघालयचा आहे. ही कृती वंशद्वेषी असल्याचा आरोप ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या संघटनेने केला. केरळ ब्लास्टर्सनेही जाहीर निषेध करून अधिकृत तक्रार दाखल केली. त्या प्रसंगाची चित्रफीत समाजमाध्यमांवर वेगाने पसरली. एरवी शिवीगाळ वाहून नेणारी हीच माध्यमे या वेळी तक्रारीला बळ देणारी ठरली.

मैदानावरील नियम

मैदानावरील कार्यपद्धती स्पष्ट आहे. वंशद्वेषी घोषणा सुरू झाल्यास पंच प्रथम सामना थांबवतात. प्रकार चालूच राहिल्यास खेळाडूंना मैदानाबाहेर नेऊन सामना स्थगित केला जातो आणि तरीही फरक न पडल्यास तो रद्द केला जातो. मे २०२४ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात फिफाने यासाठी एक खूणही निश्चित केली. दोन्ही मनगटे एकमेकांवर फुली मारल्याप्रमाणे धरली की खेळाडू वंशद्वेषाची तक्रार करीत आहे, असे पंचांनी समजायचे. फिफाच्या शिस्तपालन संहितेत दोषी खेळाडूवर किमान १० सामन्यांच्या बंदीची तरतूद आहे.

अर्थात, नियम असूनही सर्वत्र संरक्षण मिळतेच असे नाही. मार्च २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात सात खेळाडूंच्या स्थानिक स्पर्धेत आयव्हरी कोस्टच्या एका फुटबॉलपटूने वंशद्वेषी शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांकडे केली. जमावाने त्याचा पाठलाग केल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. तेथे निदान प्रसंग, स्थळ आणि साक्षीदार होते. समाजमाध्यमांवरील गुन्हेगार टोपणनावामागे असतो, अनेकदा दुसऱ्या राज्यात वा दुसऱ्या देशात असतो.

कायद्याची पकड

माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ हे संदिग्ध आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालणारे असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरवले. त्यानंतर समाजमाध्यम कंपन्यांसाठी २०२१ चे नियम आले. वांशिकदृष्ट्या आक्षेपार्ह मजकूर प्रसारित होऊ नये यासाठी प्रयत्न करणे, तक्रार अधिकारी नेमणे आणि तक्रारीची पोच २४ तासांत देणे ही बंधने या नियमांनी कंपन्यांवर घातली. तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी २०२३ मध्ये अपील समित्या स्थापन झाल्या. या मार्गाने मजकूर हटवला जाऊ शकतो, परंतु तो लिहिणाऱ्याला शिक्षा होत नाही.

शिक्षेसाठी फौजदारी कायद्याकडे वळावे लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये वंश, जन्मस्थान, भाषा आदी कारणांवरून समाजगटांत शत्रुत्व पसरवणे हा गुन्हा आहे. मात्र एका व्यक्तीला उद्देशून केलेली शिवीगाळ दोन गटांतील शत्रुत्वाच्या चौकटीत बसवणे अवघड जाते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा अधिक कठोर आहे. समाजमाध्यमांवरील अवमानालाही तो लागू होऊ शकतो, असा निर्वाळा केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. त्यामुळे अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या खासी किंवा मिझो खेळाडूला या कायद्याचा आधार घेता येतो. अनुसूचित जमातींच्या यादीत नसलेल्या मैतेई समाजातील खेळाडूला, नेपाळीभाषक छेत्रीला किंवा आफ्रिकेतून आलेल्या व्यावसायिक खेळाडूला जमातीच्या आधारे हे संरक्षण मिळत नाही. शिवी तीच, पण दाद मागण्याचा मार्ग वेगळा.

ही तफावत दूर करण्याची शिफारस जुनी आहे. अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निदो तानिया याच्या जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत झालेल्या मृत्यूनंतर एम. पी. बेझबरुआ समिती नेमण्यात आली. वंशाच्या आधारे अपमानित करणाऱ्या शब्दांना आणि कृतींना स्वतंत्र गुन्हा ठरवावे, असे समितीने त्याच वर्षी सुचवले. त्यासाठी दंडसंहितेत कलम १५३क आणि ५०९अ समाविष्ट करण्याचा प्रस्ताव होता. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता लागू झाली, मात्र तिच्यातही असे स्वतंत्र कलम नाही.

इतर देशांतील उपाय

युरो २०२० स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, ११ जुलै २०२१ रोजी, पेनल्टी हुकलेल्या मार्कस रॅशफोर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका या इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर समाजमाध्यमांतून वंशद्वेषी हल्ला झाला. रॅशफोर्डविरुद्ध मजकूर लिहिणाऱ्या एका तरुणाला मार्च २०२२ मध्ये सहा आठवड्यांचा तुरुंगवास झाला. त्याच वर्षी ब्रिटनने ऑनलाइन द्वेष पसरवणाऱ्यांनाही स्टेडियमबंदी लागू करण्याची तरतूद केली. स्पेनमध्ये व्हिनिसियस ज्युनियरला वंशद्वेषी शिवीगाळ केल्याबद्दल जून २०२४ मध्ये तिघांना आठ महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. त्या देशातील फुटबॉल मैदानावरील वंशद्वेषासाठी झालेली ही पहिलीच शिक्षा होती.

दुसरा मार्ग तंत्रज्ञानाचा आहे. २०२२ च्या विश्वचषकापासून फिफाने खेळाडूंच्या खात्यांसाठी संरक्षण सेवा सुरू केली. ती आक्षेपार्ह प्रतिक्रिया खेळाडूच्या नजरेस पडण्यापूर्वीच झाकते आणि गंभीर मजकुराची तक्रार कंपनीकडे करते. त्या स्पर्धेत सुमारे २ कोटी नोंदी तपासल्यानंतर १९ हजारांहून अधिक नोंदी अवमानकारक असल्याची खात्री झाली.

भारतीय परिस्थितीत या गाळणीची मर्यादा भाषेची आहे. येथील शिव्या मल्याळम, कन्नड, बंगाली, हिंदी अशा अनेक भाषांत आणि बहुधा रोमन लिपीत लिहिल्या जातात. एका शब्दाची अनेक रूपे होतात. ‘नेपाळी’, ‘चिनी’ हे शब्द तर स्वतःहून अपशब्द नाहीतच. ते कोणाला आणि कोणत्या सुरात म्हटले गेले, यावर त्यांचा अर्थ ठरतो. हा सूर यंत्राला सहजी ओळखता येत नाही. त्यासाठी स्थानिक भाषा जाणणारी माणसेच लागतात.

तक्रारदारासाठी

वंशद्वेषी मजकुराला बळी पडलेल्या खेळाडूने तो लगेच पुसून टाकू नये. त्याचे छायाचित्र, दुवा, खात्याचे नाव आणि वेळ यांची नोंद ठेवावी. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. तक्रार संबंधित कंपनीकडे, क्लबकडे तसेच राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर करता येते. नामांकित खेळाडूंच्या मागे क्लबचे विधिज्ञ उभे राहू शकतात. जिल्हा स्पर्धा किंवा वयोगटाच्या संघातून खेळणाऱ्या, घरापासून दोन-तीन हजार किलोमीटर दूर राहणाऱ्या मुलांना असा आधार क्वचितच मिळतो. तक्रार कोठे आणि कशी करायची, ही माहिती अकादमीत प्रवेशाच्या वेळीच देणे क्लब आणि राज्य संघटनांच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी कायद्यातील दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.