शरीराची घडण आणि तरुणांची तंदुरुस्ती

शरीराचे वजन म्हणजे हाडे, स्नायू, अवयव, पाणी आणि मेद यांची बेरीज होय. या घटकांच्या परस्पर प्रमाणाला शरीराची घडण म्हणतात. समान उंचीच्या व समान वजनाच्या दोन तरुणांमध्ये हे प्रमाण बरेच भिन्न असू शकते. धावणे, उडी मारणे, दीर्घकाळ श्रम करणे या क्षमता एकूण वजनापेक्षा या प्रमाणावर अधिक अवलंबून असतात.

ट्रॉम्बे येथील मापन

जिवंत माणसाच्या शरीराची घडण मोजण्याचा एक मार्ग अणुविज्ञानाने दाखवला. ट्रॉम्बे येथे १९५४ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा आस्थापनेला १९६७ साली डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. कर्मचाऱ्यांच्या शरीरात किरणोत्सारी द्रव्य गेले आहे काय, हे तपासण्यासाठी या केंद्रात संपूर्ण शरीराचे मापन करणारी यंत्रणा असते. बाहेरील किरण अडवणाऱ्या कवचाच्या आडोशाला व्यक्तीच्या शरीरातून निघणारे गॅमा किरण मोजले जातात.

असे किरण प्रत्येकाच्याच शरीरातून निघत असतात, कारण अन्नातून मिळणाऱ्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा नैसर्गिक किरणोत्सारी अंश असतो. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत, विशेषतः स्नायूंमध्ये असते. साठलेल्या मेदात ते जवळजवळ नसते. प्रौढ पुरुषात मेद वगळता उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २.६६ ग्रॅम पोटॅशियम धरतात. त्यानुसार ६० किलो वजनाच्या तरुणाच्या शरीरात १३५ ग्रॅम पोटॅशियम आढळल्यास मेद सुमारे ९ किलो ठरतो. ११७ ग्रॅम आढळल्यास तो १६ किलोवर जातो. वजनकाटा मात्र दोघांनाही ६० हाच आकडा दाखवतो.

भारतीयांची विशेष स्थिती

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक, २२.३ इतका सारखाच होता. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला.

हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याची बालके लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यांत अतिवजन व स्थूलतेच्या रेषा प्रौढांच्या २३ व २७ या बीएमआयशी जुळवल्या आहेत, त्या याच कारणाने.

क्षमतेवर होणारा परिणाम

धावताना, उडी मारताना किंवा दोरीवर चढताना स्नायू काम करतात; मेद हा केवळ वाहून न्यायचा भार असतो. समजा, ६० किलोचा तरुण मिनिटाला ३ लिटर प्राणवायू वापरू शकतो. म्हणजे दर किलोला ५० मिलिलिटर. १० किलो मेद वाढून बाकी सारे तेच राहिले, तर हे प्रमाण सुमारे ४३ वर येते. त्याची दमछाक लवकर होते. गोळाफेकीसारख्या प्रकारात अधिक वजनाचा तितका तोटा होत नाही. तेथेही बळ स्नायूंचेच असते.

मेद अगदीच कमी असणेही हितकारक नाही. वयात येताना मुलांमध्ये स्नायू वाढतात, तर मुलींमध्ये मेदाचे प्रमाण निसर्गतःच वाढते. ते आहार तोडून घटवल्यास मासिक पाळी अनियमित होते व हाडे कमकुवत होतात. कबड्डीच्या कुमार गटात किंवा कुस्तीत वजनमर्यादेत बसण्यासाठी पाणी तोडणे हा तर धोकाच. त्यात मेद नव्हे, पाणी आणि ताकद जाते.

शाळेत काय पाहावे?

ट्रॉम्बे ज्या एम पूर्व विभागात मोडते, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वांत खालच्या स्थानी होता. अणुशक्तीनगरची वसाहत आणि गोवंडी-मानखुर्दच्या झोपडपट्ट्या याच विभागात आहेत. एका मुलाचे वजन योग्य दिसूनही त्यात मेद अधिक असू शकतो. दुसऱ्याचे कमी वजन हे मुख्यतः स्नायूंच्या उणिवेमुळे असू शकते. पहिल्याला व्यायाम हवा, दुसऱ्याला आधी पुरेसे व प्रथिनयुक्त अन्न.

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा सोपा निकष आहे. दंडाच्या मागील व पाठीवरील त्वचेची घडी चिमट्याने मोजता येते. २०१९ साली सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ मोहिमेच्या शालेय चाचण्यांत बीएमआयसोबत ६०० मीटर धाव, पोटाचे व्यायाम, जोर आणि लवचिकता यांचा समावेश आहे. हे सर्व आकडे एकत्र पाहिले, आणि त्याच मुलाच्या मागील वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तरच त्यांना अर्थ येतो. वाढत्या वयात वजन वाढणे स्वाभाविक आहे. त्या वाढीत स्नायू किती आणि मेद किती, हे पालक व क्रीडाशिक्षकांनी पाहणे आवश्यक आहे.