ब्रेलवाचन

ब्रेलवाचन : कागदावर उठविलेले बिंदू बोटांच्या अग्रांनी चाचपून मजकूर वाचण्याची विद्या. लुई ब्रेल (१८०९–१८५२) या अंध फ्रेंच विद्यार्थ्याने, शार्ल बार्बिए याच्या बारा बिंदूंच्या ध्वन्यनुसारी लिपीचा संक्षेप करून, वयाच्या पंधराव्या वर्षी सहा बिंदूंची लिपी सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी पॅरिसच्या अंधशाळेत व्हालँतँ आउई याच्या पद्धतीने रोमन अक्षरे उठवून छापलेले अवजड ग्रंथ चालत. ते पाहून डोळस आश्रयदात्यांचे समाधान होत असले, तरी रेषेची वळणे ओळखणे बोटाला जड जाते आणि बिंदू मात्र तत्काळ कळतो, हे मर्म शिकविणाऱ्यांच्या आधी शिकणाऱ्या मुलाला उमगले, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दोन उभ्या ओळींत तीन-तीन अशा सहा बिंदूंच्या कोष्ठकातून ६३ आकृती निघतात. बिंदूची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर व शेजारच्या बिंदूंमधील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असल्यामुळे सबंध अक्षर एका बोटाखाली मावते. परंतु बोट त्यावर नुसते टेकविल्याने ते स्पष्ट होत नाही, ते हलक्या दाबाने आडवे सरकत राहावे लागते. नवशिका विद्यार्थी अक्षर अडले की बोट दाबतो व वर-खाली घासतो, आणि जितके दाबावे तितके बिंदू पुसट होत जातात. कुशल वाचकाचे दोन्ही हात कामाची वाटणी करून घेतात : उजवा हात ओळीचा शेवट वाचत असतानाच डावा पुढल्या ओळीचा आरंभ शोधून तेथे तयार असतो. डोळा एका दृष्टिक्षेपात अनेक अक्षरे टिपतो, बोटाला मात्र ती एकामागून एक घ्यावी लागतात. त्यामुळे सरावलेल्या प्रौढ ब्रेलवाचकाचा वेग मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द, म्हणजे डोळस वाचकाच्या निम्म्याहून कमीच राहतो. या मंदपणाचे खापर विद्यार्थ्याच्या बुद्धीवर फोडण्याचा शिरस्ता अन्यायाचा आहे.

भारतात पूर्वी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल लिप्या प्रचारात होत्या. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल मुक्रर झाली. मराठी याच लिपीत वाचली जाते. तीत मात्रा, वेलांटी, उकार यांचे स्थान वर-खाली नसून स्वर व्यंजनानंतर सुटा येतो : ‘किती’ या शब्दात क, इ, त, ई अशी चार अक्षरे क्रमाने लागतात. ऱ्हस्व इ दुसऱ्या व चौथ्या बिंदूंची आणि दीर्घ ई तिसऱ्या व पाचव्या बिंदूंची. दोहोंचा तिरकस आकार एकच, केवळ एक पायरी खाली उतरलेला. बोट ओळीवर नीट समांतर नसेल तर वेलांटी पहिली की दुसरी हे कळणे दुरापास्त होते, आणि शुद्धलेखनाच्या कितीएक तक्रारींचे मूळ व्याकरणाच्या अज्ञानात नसून हाताच्या ठेवणीत सापडते. ‘मऊ’ लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावा लागतो, एरवी ‘मू’ वाचले जाईल. ज्याचे अर्धे रूप दाखवायचे त्या व्यंजनाच्या आधी हलन्ताचा बिंदू येतो, म्हणून जोडाक्षराची वर्दी वाचकास अगोदरच मिळते. ण आणि संख्याचिन्ह यांची आकृती एकच आहे. तथापि मराठी शब्दाचा आरंभ व्यवहारात णकाराने होत नसल्याने प्रत्यक्ष वाचनात घोटाळा क्वचितच होतो.

लेखनाची रीत याच्या उलट आहे. पाटीत कागद अडकवून टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचत जावे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे, असा क्रम असल्याने प्रारंभी मुलाला प्रत्येक अक्षराची दोन रूपे सांभाळावी लागतात. ब्रेल टंकयंत्रावर ही अडचण राहत नाही.

लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्ती ब्रेल वाचत असताना मेंदूतील दृष्टीचा प्रदेश कार्यरत होतो, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. लवकर आरंभ करावा, हा अनुभवी शिक्षकांचा आग्रह त्यास अनुसरूनच आहे. किंचित दृष्टी शिल्लक असलेल्या मुलास मोठ्या टाइपावरच रेटण्याचा आणि ध्वनिमुद्रित पुस्तके मिळाली की ब्रेल वगळण्याचा प्रघात मात्र घातक होय. ऐकलेल्या मजकुरातून विषय कळतो, पण शब्दाची घडण, विरामचिन्हे व परिच्छेद हाती लागत नाहीत.

पाठ्यपुस्तकांपलीकडे वाचनीय मजकूर मिळणे ही मराठी ब्रेलवाचकाची जुनी निकड आहे. ती जाणून स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईहून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. वापराने बिंदू झिजतात म्हणून पुस्तके कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या ग्रंथपालांनी ती मुलांना घरी नेऊ द्यावीत आणि झिजलेल्या प्रतींच्या जागी नव्या घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात दरसाल करावी.