रिकामी बंडी आणि क्वार्टरबॅक

गेल्या वीकेंडला मूर्तिजापूरला घरी गेलो होतो. पण डोक्यातून ऑफिस जात नव्हतं. आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, कॉलेजमधून थेट आलेला. हुशार आहे. वर्षभर मी त्याला बग फिक्सिंगवरच ठेवलंय. शुक्रवारी निघताना त्याने विचारलं, "मला स्वतःचं काही करायला कधी मिळणार?" मी म्हटलं, "बघू." घरापर्यंतच्या प्रवासात तो "बघू" मलाच टोचत होता.

आता तुम्ही म्हणाल, याचा अमेरिकन फुटबॉलशी काय संबंध? सांगतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू ज्या टीमकडे आहे तिला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडू आधी येतो क्वार्टरबॅकच्या हातात. त्याने तो शेजारच्या धावपटूला दिला तर तीन-चार यार्ड मिळतात, पण धोका कमी. लांब फेकला तर एकदम तीस यार्डही मिळतील. तिथल्या कोचांची एक जुनी म्हण आहे : पास टाकला की तीनच गोष्टी होऊ शकतात आणि त्यातल्या दोन वाईट असतात. म्हणजे आपल्या माणसाने झेलला तर ठीक, नाहीतर चेंडू खाली पडणार किंवा समोरच्याने पळवलेला असणार.

म्हणून नवखा क्वार्टरबॅक असला की कोच काय करतो? त्याला फेकूच देत नाही. धावा, वेळ खा, चूक करू नका, बाकी बचाव फळी बघून घेईल.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे २००४ चा पिट्सबर्ग स्टीलर्स. मुख्य क्वार्टरबॅक टॉमी मॅडॉक्स दुसऱ्याच मॅचला जखमी झाला आणि बेन रॉथलिसबर्गर नावाच्या पहिल्याच वर्षाच्या पोराला उभं करावं लागलं. कोच बिल काउअर यांनी सरळ हिशोब केला. त्या सीझनला स्टीलर्स ६१८ वेळा धावले आणि पास टाकले फक्त ३५८. पोराने सुरुवात केलेल्या लीगच्या तेराच्या तेरा मॅच टीम जिंकली! मग आली जानेवारी २००५ ची सेमीफायनल. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने आघाडी घेतली आणि धावून भागेना. आता फेकणं भाग होतं. रॉथलिसबर्गरचे तीन पास पळवले गेले, स्टीलर्स ४१-२७ ने हरले.

त्याची चूक होती का? मला नाही वाटत. वर्षभर ज्या कामापासून त्याला जपलं, तेच काम वर्षातल्या सगळ्यात कठीण दिवशी त्याच्यावर येऊन पडलं.

आता गोष्ट आपल्या घरची. सचिन तेंडुलकरची.

तुम्हाला वाटेल, सचिनला कुणी कशाला जपेल? पण आठवून बघा. १९८७-८८ च्या मोसमात चौदा वर्षांच्या सचिनची मुंबईच्या रणजी संघात निवड झाली, पण त्याला अकरात घेतलं नाही. बदली फील्डर म्हणून वावरला, मोठ्यांची ड्रेसिंग रूम बघितली. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध वानखेडेवर संधी मिळाली आणि पहिल्याच मॅचला नाबाद शतक! नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला कसोटी पदार्पण झालं तेव्हाही तो सहाव्या नंबरवर होता. नवा चेंडू मोठ्यांनी खेळायचा, पोराने मागून यायचं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं.

पण वनडेत हे लांबतच गेलं. १९८९ ते १९९४, एकूण ६९ मॅच तो मधल्या फळीतच खेळला आणि शतक एकही नाही. तोवर इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कसोटी शतकं झाली होती, म्हणजे पोर केव्हाच मोठं झालं होतं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. तेव्हा वनडेची पद्धतच तशी होती, आधी विकेट राखा, मारामारी शेवटच्या दहा ओव्हर्सना. शिवाय ओपनरची जागाही रिकामी नव्हती. १९९२ च्या वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचने पहिल्या पंधरा ओव्हर्समध्ये फील्डर्सच्या डोक्यावरून मारून दाखवलं होतं, तरी आपण जुन्याच चालीने चाललो होतो.

मग २७ मार्च १९९४, ऑकलंड. सकाळी नवज्योत सिद्धूची मान आखडली. सचिनने कॅप्टन अझरुद्दीन आणि मॅनेजर अजित वाडेकरांकडे हट्ट धरला, मला एकदा ओपन करू द्या, जमलं नाही तर पुन्हा मागणार नाही. न्यूझीलंड १४२ मध्ये गुंडाळला गेला होता. सचिनने ४९ चेंडूंत ८२ मारले. त्याच सप्टेंबरला कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिलं वनडे शतक आलं, ७९ व्या मॅचमध्ये. एकूण ४९ वनडे शतकांपैकी ४५ ओपनर म्हणून आली.

सगळे ते ८२ सांगतात. मला मात्र १४२ हा आकडा महत्त्वाचा वाटतो. सचिन शून्यावर गेला असता तरी मॅच हातातच होती. म्हणजे प्रयोग करायला यापेक्षा स्वस्त दिवस मिळाला नसता. फक्त तो दिवस कुणी ठरवून आणला नव्हता, एका आखडलेल्या मानेने आणला.

आणि आता ज्याने ठरवून केलं त्याची गोष्ट. सप्टेंबर २००१, पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला. त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी, ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरवर निवडलेला. कोच बिल बेलिचिक यांनी त्यालाही छोट्या, सोप्या पासांवरच ठेवलं. कारकिर्दीतल्या पहिल्या १६२ पासांपैकी एकही पळवला गेला नाही. मग डेन्व्हरला एकाच मॅचमध्ये चार पळवले गेले, तरी त्याला बसवलं नाही.

३ फेब्रुवारी २००२, सुपर बोल. समोर सेंट लुईस रॅम्स, सगळे त्यांनाच विजेते धरून बसलेले. स्कोअर १७-१७, १ मिनिट २१ सेकंद बाकी, टाइमआउट एकही नाही आणि चेंडू आपल्याच टोकाला. टीव्हीवर जॉन मॅडन म्हणत होते की वेळ संपू द्यावा आणि एक्स्ट्रा टाइमला जावं. पुस्तकी उत्तर तेच होतं. पण पेट्रियट्सची बचाव फळी दमली होती. एक्स्ट्रा टाइममध्ये तेव्हा पहिला जो गुण घेईल तो जिंकणार, आणि टॉस रॅम्सने जिंकला असता तर? थांबणं आता सुरक्षित राहिलंच नव्हतं. बेलिचिकने चोवीस वर्षांच्या ब्रेडीला फेकायला सांगितलं. ब्रेडीने लांबचा एकही हट्टी पास न टाकता छोट्या छोट्या पासांनी टीम पुढे नेली, आणि ॲडम विनातिएरीने शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून किक मारून मॅच जिंकली. सीझनभर जे छोटं काम करून घेतलं होतं, तेच त्या दिवशी उपयोगी पडलं.

रविवारी दुपारी हे सगळं मोठेबाबांना सांगत होतो. त्यांना ना ब्रेडी माहीत, ना बेलिचिक. सचिनपाशी मात्र मान हलली. मग म्हणाले, "नवा गोऱ्हा असला का आधी जाणत्या बैलासंगं जुपा लागते. मंग रिकामी बंडी वढवा लागते. एकदम भरल्या बंडीले जुपलं तं तो बुजते. अन् नुसता दावणीले बांधून ठेवला तं तो कामाचाच राह्यत नाई."

घ्या! मी आठशे शब्द खर्च केले, त्यांनी चार वाक्यांत संपवलं. :)

रॉथलिसबर्गरला रिकामी बंडी मिळालीच नाही, थेट भरलेली मिळाली. सचिनला ती नशिबाने मिळाली, तीही उशिरा. ब्रेडीला सीझनभर ओढायला लावली होती. नवख्याला जपण्यात चूक काहीच नाही. पण जपायला सुरुवात करताना आपण कधी थांबणार हे ठरवत नाही, आणि सगळं सुरळीत चाललंय तोवर थांबायचं कारणही सापडत नाही. स्टीलर्स तर जिंकतच होते ना!

या महिन्यात आमचं एक छोटं रिलीज आहे. बिघडलं तर दहा मिनिटांत जुनं परत टाकता येईल असं. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या त्या मुलाला मेसेज टाकला की हे तू करायचंस, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मी फक्त शेजारी बसेन.

बडनेरा यायच्या आत उत्तर आलं. नुसतं "हो", आणि पुढे तीन उद्गारचिन्हं.