एम्ब्रियो ट्रान्सफरनंतर झोपून राहावं लागतं का? त्या दिवशी आणि पुढच्या दोन आठवड्यांत काय होतं?

आयव्हीएफ उपचारांत स्त्रीबीज आणि शुक्राणूचं मीलन प्रयोगशाळेत होतं. त्यातून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणं म्हणजे एम्ब्रियो ट्रान्सफर. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांमुळे ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आज आयव्हीएफ हा शब्द घरोघरी माहीत आहे, पण या टप्प्याबद्दलचे गैरसमज कायम आहेत.

त्या दिवशी काय होतं?

बहुतेक वेळा तीन किंवा पाच दिवसांचा भ्रूण सोडतात. तो ताजा असू शकतो किंवा आधी गोठवून ठेवलेला. पोटावरून सोनोग्राफी करायची असेल, तर पाणी पिऊन यायला आणि लघवी रोखून धरायला सांगतात. डॉक्टर योनीमार्गातून बारीक, मऊ नळी गर्भाशयात नेऊन भ्रूण सोडतात. हे काम काही मिनिटांचं असतं आणि सहसा भूल लागत नाही.

उठलं, चाललं तर भ्रूण पडतो का?

नाही. लघवीचा मार्ग वेगळा असतो, त्यामुळे लगेच लघवीला गेलं तरी चालतं. झोपून राहिल्याने यशाची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नेहमीची हलकी कामं करता येतात. दमवणारा व्यायाम आणि जड वजन उचलणं मात्र टाळायला सांगतात.

टेस्ट कधी करायची?

साधारण ९ ते १४ दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी टेस्ट होते. त्याआधी घरी केलेली टेस्ट फसवी ठरू शकते. स्तन दुखणं, पोट फुगणं ही लक्षणं प्रोजेस्टेरॉनच्या औषधानेही दिसतात. थोडं स्पॉटिंग झालं म्हणून सगळं संपलं असं नसतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधं बंद करू नका.

लगेच डॉक्टरांना कधी गाठायचं?

पोटात तीव्र वेदना, धाप लागणं, लघवी खूप कमी होणं, जास्त रक्तस्राव किंवा ताप असेल तर थांबू नका.

टेस्ट निगेटिव्ह आली तर?

"जिना चढलीस म्हणून", "कामावर गेलीस म्हणून" असं बाईला ऐकवलं जातं. प्रत्यक्षात भ्रूणाच्या गुणसूत्रांमधला दोष हे भ्रूण न रुजण्याचं एक मोठं कारण आहे आणि तो दोष जिना चढल्याने येत नाही. त्यामुळे पुढे काय करायचं हे विचारायला डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा.