तळटीप : लॉबिंग आणि त्याची नोंद

१२. लॉबिंग : सरकारी निर्णय आपल्या हिताचा व्हावा म्हणून कंपन्या, व्यापारी व कामगार संघटना किंवा स्वयंसेवी संस्थांनी मंत्री, लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांच्याकडे केलेला पाठपुरावा. लाच देणे हा गुन्हा. आपली बाजू मांडणे हा लोकशाहीतला हक्क. म्हणून अमेरिकेने त्यावर बंदी न घालता नोंद सक्तीची केली. तेथील १९९५च्या कायद्याने व्यावसायिक लॉबिस्टांना नोंदणी करावी लागते. कोणासाठी, कोणत्या विषयावर काम केले आणि त्यावर किती पैसा लागला, याचे विवरण २००७च्या दुरुस्तीनंतर दर तीन महिन्यांनी द्यावे लागते. २०१२मध्ये वॉलमार्टच्या अशाच विवरणांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाचा विषय आढळला, तेव्हा आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्याकडे चौकशी सोपवली. ही माहिती आपल्याला परक्या देशाच्या कायद्यामुळे मिळाली, कारण अशी नोंद सक्तीची करणारा कायदा भारतात नव्हता. केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार विधेयकांचे मसुदे किमान ३० दिवस जनतेच्या सूचनांसाठी खुले ठेवायचे असतात; पण बंद दाराआड मंत्र्यांना कोण भेटले, हे त्यातून समजत नाही. ते समजणे हा नागरिकांचा हक्क आहे. – संपादक