षोडशमान अंकांतील मराठी

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, अंक असतात. मराठी मजकूर षोडशमान अंकांत कसा उतरतो हा विषय सामान्यतः प्रोग्रॅमरांचा समजला जातो. तथापि कोणत्या अक्षरास कोणता अंक मिळाला यास एक इतिहास आहे, आणि तो भाषाशिक्षकांनी जाणून घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

१९६३ साली अमेरिकेत ‘ॲस्की’ ही संकेतप्रणाली सिद्ध झाली. तीत १२८ स्थाने होती. रोमन ‘ए’ला ६५ हा अंक मिळाला. १९६४ मध्ये आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’ने आठ बिटांचा बाइट रूढ केला. बाइटात ० ते २५५ पर्यंतचा कोणताही अंक मावतो, आणि सोळा हा पाया धरल्यास तो नेमक्या दोन चिन्हांत लिहिता येतो. नवाच्या पुढील सहा अंकांसाठी ए ते एफ ही रोमन अक्षरे योजिली गेली. १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे मोजणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांस हा हिशेब परका वाटला नसता.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक निघाले. त्याचे १९९१ चे रूप आयएस १३१९४ या क्रमांकाने ओळखले जाते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांस त्यात एकच अंक होता. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने प्रत्येक लिपीस स्वतंत्र विभाग दिला, परंतु वर्णक्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीचा ठेवला. देवनागरी ‘म’चा अंक २३५०, तेलुगू ‘म’चा ३११८, यांत नाते दिसत नाही. षोडशमानात मात्र ते ०९२ई आणि ०सी२ई असे होतात, आणि दोन्ही लिप्यांचे एक कूळ लगेच ध्यानी येते.

आता रूपांतराची रीत पाहू. अक्षराचा अंक प्रथम बाइटांत मांडावा लागतो. त्यासाठी आज सर्वत्र रूढ असलेली ‘यूटीएफ-८’ ही रीत १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी योजिली. तीनुसार ‘म’चे २२४, १६४ व १७४ असे तीन बाइट होतात. प्रत्येकास सोळाने भागून भागाकार व बाकी लिहिली की ई० ए४ एई हे रूप मिळते. पायथन भाषेत ‘एन्कोड’ आणि ‘हेक्स’ या दोन आज्ञांनी हेच कार्य होते. ‘मराठी’ हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा. युनिकोडात काना व वेलांटी वेगळ्या मोजल्याने चिन्हे पाच, बाइट पंधरा आणि षोडशमान अंक तीस. एक अक्षर म्हणजे एक बाइट, असे गृहीत धरणारा प्रोग्रॅम मराठी शब्द मध्येच तोडतो, त्याचे कारण हेच.

या विद्येचा आपणांस प्रत्यक्ष उपयोग आहे. १९९० च्या दशकात अनेक टंकांनी रोमन अक्षरांच्या अंकांवर देवनागरी आकार बसविले. पडद्यावर मराठी दिसे; स्मृतीत रोमन अक्षरांचेच अंक असत. तो टंक नसलेल्या यंत्रावर असा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. यूटीएफ-८ मधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र ई० ने आरंभ पावते आणि त्यामागे ए४ किंवा ए५ येते. तेव्हा फाइल षोडशमानात पाहिली असता आत खरोखर मराठी आहे की केवळ तिचे सोंग, याचा निर्णय क्षणात होतो.

अंकांची ही सनद अद्याप वाढतच आहे. मराठीचा ‘ॲ’ युनिकोडात २००८ मध्ये आला, मोडी लिपी २०१४ मध्ये. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव वा हैदराबाद येथील आपल्या संस्थांनी जुन्या टंकांत सिद्ध केलेले अंक व इतिवृत्ते कपाटात वा तबकडीवर असतील, तर त्यांची ही परीक्षा तो टंक जाणणारी माणसे आपल्यांत आहेत तोवरच करून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.