हृदयप्रत्यारोपणानंतर मुलांची व्यायामक्षमता

हृदयप्रत्यारोपण झालेल्या मुलाची श्रम पेलण्याची ताकद आणि त्या श्रमात नव्या हृदयाचे कार्य. अशी बहुतेक मुले शाळेत जातात, जिने चढतात, खेळतात. पण कमाल श्रमाच्या चाचणीत त्यांचा ऑक्सिजनचा वापर निरोगी समवयस्कांच्या साधारण ६० ते ७० टक्केच भरतो.

मुलांमधील पहिले हृदयप्रत्यारोपण एड्रियन कँट्रोविट्झ यांनी ६ डिसेंबर १९६७ रोजी ब्रुकलिन येथे केले. ते बाळ काही तासच जगले. पुढे शरीराला नवे हृदय नाकारू न देणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे लिओनार्ड बेली यांनी नवजात बालकावर यशस्वी प्रत्यारोपण केले. मुले वर्षानुवर्षे जगू लागल्यावर, ती धावू शकतील का, हा प्रश्न पुढे आला.

व्यायामक्षमतेतील उणीव मुख्यतः हृदयाच्या आकुंचनात नसते. विश्रांतीच्या वेळी डाव्या जवनिकेचे आकुंचन बहुधा सर्वसाधारण असते. खरा फरक चेतांचा आहे. दात्याचे हृदय काढताना त्याच्या सर्व चेता तुटतात. ठोके मंद ठेवणाऱ्या व्हेगस चेतेचा लगाम सुटल्यामुळे बसल्या जागीही नाडी जलद चालते. मोठ्या मुलांत ती मिनिटाला सुमारे ९० ते ११० असते. वेग वाढवणाऱ्या अनुकंपी चेताही नसल्याने धावायला लागताच ठोके वाढत नाहीत. रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांची वाट पाहावी लागते, आणि त्याला काही मिनिटे जातात. तोवर हृदय अधिक भरून, प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकून वेळ निभावते. मात्र जवनिकेची भिंत ताठर असेल, तर तिच्यातील दाब वाढतो आणि मुलाला धाप लागते. कमाल ठोके अपेक्षेपेक्षा कमी राहतात आणि व्यायाम थांबल्यावरही नाडी लवकर उतरत नाही. म्हणूनच या मुलांना आधी सावकाश अंग गरम करणे आणि शेवटी हळूहळू थांबणे आवश्यक असते. वर्षभरानंतर काही मुलांत अनुकंपी चेता पुन्हा अंशतः वाढतात आणि ठोक्यांचा प्रतिसाद सुधारतो. ही वाढ सर्वांत सारखी नसते.

दुसरे कारण स्नायूंत आहे. प्रत्यारोपणापूर्वीचे दीर्घ आजारपण, स्टिरॉइडमुळे होणारी स्नायूंची झीज आणि रक्तक्षय यांमुळे पाय लवकर थकतात. त्यात पालकांची भीती भर घालते. ती स्वाभाविक आहे. पण मुलाला कायम बसवून ठेवल्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

क्षमता ट्रेडमिलवर किंवा स्थिर सायकलवर, श्वासातील वायूंचे मापन करत तपासतात. लहान मुलांसाठी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी पुरते. नाडीवरून श्रमाची तीव्रता ठरवणे येथे फसवे असते. ‘बोलता येते का, किती दम लागला’ हे मुलालाच विचारणे अधिक उपयोगी. काही आठवड्यांच्या नियमित, देखरेखीखालील व्यायामाने ऑक्सिजनचा वापर व स्नायूंची ताकद वाढल्याचे दिसले आहे. तेव्हा शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर व्यायाम हा उपचाराचाच भाग मानावा, सवलत नव्हे. १९७८ पासून भरणाऱ्या जागतिक प्रत्यारोपण क्रीडास्पर्धांत मुलेही भाग घेतात.

एका धोक्याकडे मात्र डोळेझाक चालत नाही. प्रत्यारोपित हृदयाच्या रोहिणी कालांतराने आतून अरुंद होऊ शकतात. दीर्घकालीन मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. चेता तुटलेल्या असल्याने छातीत नेहमीसारखी कळ बहुधा येत नाही. त्यामुळे ठरावीक काळाने रोहिणींची तपासणी करतात. काल सहज पार होणारे अंतर आज जमत नाही, अशी तक्रार मुलाने केली तर ती आळसावर ढकलू नये; त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे.